फुगा नसलेल्या चौकटी

मुलांनो, माझ्या कपाटात पुस्तकं उंचीप्रमाणे नाही, विषयाप्रमाणे लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचे आजोबा वाचून झालेलं पुस्तक हाताला येईल त्या फटीत खुपसायचे आणि मी ते काढून परत जागेवर ठेवायचे. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्यावरूनच झाली. त्या कपाटात एका पुस्तकाला मात्र मला जागा सापडलेली नाही. कादंबऱ्यांच्या खणात ते आडवंच ठेवावं लागतं, आणि लहान मुलांच्या पुस्तकांत ठेवावं तर ते लहान मुलांचं नाही. शेवटी ते माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर, चष्म्याच्या डबीखाली राहतं. दुपारी जेवण झालं, भांडी आवरली की मी ते परत उघडते. किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही. माझ्यासारखीने मोजलेलं नाही, म्हणजे काय ते समजून घ्या.

पुस्तक चित्रांचं आहे, तुम्ही त्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणता. इंग्रजी आहे. सोळा-सतरा वर्षांचे दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात, त्याची गोष्ट. ते माझं नाही. तुमच्या मुलुंडच्या दादाचं, म्हणजे माझ्या ताईच्या नातवाचं आहे. तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलता हे मला ठाऊक आहे. त्याची बाजू त्याने तुम्हाला सांगितली असेल, आणि ती खरीच असणार. मी इथे ताईचं लिहिते आहे. ती आपणहून कोणाला सांगायची नाही, आणि लिहिणं तर आता तिला जमणार नाही.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती शाळेत जायला लागली तेव्हा आमचे वडील नवे कारकून होते, म्हणून ती मराठी शाळेत गेली. माझ्या वेळेपर्यंत वडिलांना बढती मिळाली होती आणि कुणा साहेबाने त्यांच्या डोक्यात कॉन्व्हेंटचं खूळ भरलं होतं. ताईने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण काही इंग्रजी हातात आलं की ते माझ्यासमोर सरकवायचं, हे तिने जन्मभर केलं. औषधाचं वेष्टण, विम्याचं पत्र, नव्या मिक्सरची माहितीपुस्तिका. "वाच गं बाई, तुझ्यावर बाबांनी फी भरलीय."

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. यात माणूस ठार आंधळा होत नाही. ज्याच्याकडे बघावं ते नेमकं मधून पुसलं जातं आणि कडा तेवढ्या राहतात. दार दिसतं, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. उजवा डोळा कळेपर्यंत गेलाच होता. डाव्यासाठी दर महिन्याला डोळ्याच्या आत एक इंजेक्शन द्यायचं, असं ठरलं. डॉक्टर मुलुंडलाही आहेत, पण ताईने हट्ट धरला की अंधेरीच्या डॉक्टरांकडेच जायचं आणि तेवढे महिने माझ्याकडे पार्ल्याला राहायचं. तिच्या मुलाला वाटलं, बहिणीची सोबत हवी असेल. मलाही तसंच वाटलं. आल्या दिवशी मी तिच्या साड्या कपाटात लावत होते, तेव्हा तिने बॅगेच्या तळातून, जरीच्या साडीच्या घडीतून, हे पुस्तक काढलं आणि विचारलं, "तो जोगेश्वरीला राहतो ना आता? इथून रिक्षाने जवळच, नाही का?"

मग मला कळलं की ती डोळ्यांसाठी आलेली नव्हती. म्हणजे डोळ्यांसाठीच आलेली होती, पण वेगळ्या अर्थाने. डावा डोळा आहे तोवर तिला त्याला एकदा बघायचं होतं.

आता तो घर सोडून का गेला, ते सांगायला हवं. एका रविवारी जेवताना त्याने घरात सगळ्यांना सांगितलं की तो मुलीशी लग्न करणार नाही, आणि का करणार नाही तेही सांगितलं. त्याचे वडील ताटावरून उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. आई रडली. ताई काहीच बोलली नाही. तिने त्याच्या ताटात अजून भात वाढला आणि वर ताक ओतलं. तो जेवला.

त्यानंतर महिन्याभरात तिने एक उद्योग केला. मुलगा आणि सून कुठल्याशा लग्नाला बाहेरगावी गेले असताना तिने एका वधूवर सूचक मंडळाच्या बाईंना गाठलं, त्याची पत्रिका दिली, आणि शनिवारी संध्याकाळी भांडुपची एक मुलगी आईवडिलांसकट घरी बोलावली. स्वतः कांदेपोहे केले. तो ऑफिसातून आला तर दिवाणखान्यात तीन अनोळखी माणसं ताटल्या घेऊन बसलेली.

तुम्हाला हे भयंकर वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि मी तिला फोनवर तसं बोललेही होते. पण तिचा हिशेब ऐका. "अगं, तुझे भावजी मला बघायला आले तेव्हा नाही म्हणायचं ठरवूनच आले होते. त्यांना लग्नच करायचं नव्हतं. त्यांच्या आईने हाताला धरून आणलं होतं. पोहे खाल्ले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि जिना उतरता उतरता हो म्हणाले. मग पन्नास वर्षं झालाच ना संसार?" तिच्या अनुभवात 'नाही'चं 'हो' असंच व्हायचं, समोर बसल्यावर. एका माणसाचं लग्न न करणं आणि दुसऱ्याचं लग्न न करणं यात फरक असतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तो बसला. पोहे खाल्ले. मुलीशी नीट बोलला, तिच्या नोकरीबद्दल विचारलं. त्यांना खाली सोडायला गेला, रिक्षा करून दिली. वर आला आणि म्हणाला, "आजी, हे तू केलंस?"

ती म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी रे."

तो खोलीत गेला आणि त्याने बॅग भरली. एवढंच. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. ताई मला म्हणायची, "दार आपटलं असतं ना, तर मला झोप लागली असती."

पुस्तक तेवढं राहिलं, कारण ते त्याच्या खोलीत नव्हतंच. शाळेत असताना एकदा ते घेऊन तो तिच्याकडे आला होता आणि म्हणाला होता, "आजी, हे तुझ्या कपाटात राहू दे. बाबांना दाखवू नको." तिने विचारलं नाही. साड्यांखाली ठेवून दिलं. मग तो अधूनमधून तिच्या खोलीत यायचा, कपाट उघडायचा, तिच्या पलंगावर पालथा पडून ते वाचायचा आणि परत साडीखाली सरकवायचा. तिची शेजारी जपमाळ चाललेली असायची. कित्येक वर्षं असं चाललं. पुस्तकाची शिवण त्याच्याच हाताने सुटली आहे.

"आता मला सांग," ताई म्हणाली, "काय आहे त्याच्यात ते. मी त्याला फोन करीन तेव्हा मला माहीत असायला हवं."

वर्गात शिकवायच्या आधी धडा स्वतः वाचायचा, ही माझी नोकरीतली सवय. म्हणून मी ते आधी एकटीने वाचलं. चहा उकळून खाली उतरवेपर्यंत अर्धं, आणि चहा पिईपर्यंत उरलेलं. माझं मत झालं की संवाद बरे आहेत, पण गोष्ट फार बारीक आहे. एवढ्याशासाठी त्याने शिवण कशी सुटेपर्यंत वाचलं, याचं मला आश्चर्यही वाटलं.

तुम्ही हसाल. मी फक्त फुगे वाचले होते. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघतात ते बोलण्याचे फुगे. एक वाचून झाला की पुढचा. ज्या पानावर फुगा नाही, ते पान वाचायचं काही नाही म्हणून उलटत गेले. साठ-पासष्ट वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या बाईने अर्धं पुस्तक न वाचताच मिटलं, आणि तिला ते कळलंही नाही.

कळलं ते ताईला सांगायला बसल्यावर. एका डोंगराळ परदेशी गावात एक मुलगा आपल्या काकाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दुसरा शाळेआधी घरोघर पेपर टाकतो. पेपरवाल्याच्या सायकलची साखळी तुटते. मी भराभर सांगत गेले. "मग तो म्हणतो, उद्या ये. मग हा म्हणतो, उद्या पेपर कसे टाकू? मग तो आपली सायकल देतो."

"थांब," ताई म्हणाली. "उद्या ये म्हणाल्यावर लगेच म्हणाला का हा?"

मी बघितलं. मध्ये एक अख्खं पान होतं. "नाही. मध्ये काही बोलत नाहीत."

"मग काय करतात?"

"काही नाही. हा उभा आहे. तो साखळी हातात धरून बसलाय. हाताला तेल लागलंय."

"बघतोय का ह्याच्याकडे?"

"नाही. साखळीकडे बघतोय." मी चष्मा सरळ केला. "पण साखळी कधीच निघालीय चाकातून. उगीच धरून बसलाय."

"मग असं सांग ना!" ताई म्हणाली. "नुसतं पटापटा काय, रेल्वेची घोषणा केल्यासारखं!"

त्या दिवशी आमची चारच पानं झाली. मग रोज दुपारी तसंच. ती पलंगावर, मी खुर्चीत, आणि एकेक चौकट. कोण कुठे उभं आहे, हात कुठे आहेत, उजेड कुठून येतो. तिला ते सगळं लागायचं. दोघांची परदेशी नावं तिच्या जिभेवर बसेनात, तेव्हा एकाला सायकलवाला आणि दुसऱ्याला पेपरवाला म्हणायचं ठरलं. सकाळी उठल्या उठल्या ती विचारायची, "काय करतोय आपला पेपरवाला?" आणि आमचा खरा पेपर टाकणारा माणूस दचकून दाराकडे बघायचा.

दुकानाचं शटर अर्धं ओढून ते दोघं आत बसतात, बाहेर बर्फ पडतंय, त्या पानावर मी अडखळले.

"मग?" ताई म्हणाली.

"मग जवळ येतात."

"किती जवळ?"

"ताई, आता समजून घे ना."

"अगं, दोन पोरं काढलीत मी. सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "पुढे कोण झालं?"

"पेपरवाला. पण हात जॅकेटच्या खिशातच आहेत त्याचे. तसाच वाकलाय."

"खिशातच?" ती म्हणाली. "म्हणजे भ्यालाय. लाथाडलं तर काही केलंच नाही म्हणता यावं म्हणून." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "केवढा लहान आहे गं."

दुसऱ्या खेपेला वाचताना हे पुस्तक मला आवडायला लागलं, असं मी म्हणणार होते, पण 'आवडायला लागलं' हा शब्द पुरत नाही. त्या दोघांचं कुणी काही बिघडवू नये, असं मला वाटायला लागलं. वर्गात मी पोरांना मोठमोठ्या शोकांतिका शिकवल्या आणि एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही. इथे नुसती एक सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली बघून मला चष्मा पुसावा लागला.

आणि एके दिवशी ताईने विचारलं, "सायकलवाल्याच्या घरात अजून कोण आहे?"

"काका आहे. बाकी कोणी नाही."

"नीट बघ. जेवायला कोण वाढतं?"

मी मागची पानं उलटली. एक म्हातारी होती. पहिल्या वाचनात मला ती दिसलीच नव्हती, कारण तिला एकही फुगा नाही. अख्ख्या पुस्तकात ती एक अक्षर बोलत नाही. पण शोधायला लागले तशी ती जागोजाग सापडली. स्वयंपाकघरात पाठमोरी. जिन्याच्या वरच्या पायरीवर विणकाम घेऊन. शटर अर्धं ओढलेलं असतं त्या पानावर रस्त्यापलीकडच्या खिडकीत, नखाएवढी. दोघं दुकानातून बाहेर येतात तेव्हा तिने खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. आणि पुढच्या पानावर ती जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्त मांडते आहे, पेपरवाल्यासाठी.

मी एकेक करून सगळं ताईला सांगितलं.

"म्हणजे तिला ठाऊक होतं."

"हो. पहिल्यापासून असावं."

"आणि काही बोलली नाही."

"शेवटपर्यंत नाही."

ताईने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "म्हणून माझ्या कपाटात ठेवलं त्याने. मला ती म्हातारी समजला होता गं तो. आजीला कळतं, आजी बोलत नाही. एवढी वर्षं तसंच समजून येत राहिला माझ्या खोलीत." आणि मग, "सांगितलं तेव्हासुद्धा मी ताक वाढलं. तेव्हासुद्धा त्याला वाटलं असेल, बरोबर आहे. आणि मग मी पोहे केले."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

त्यानंतर तिने एक वाक्य तयार केलं. भेटल्यावर त्याला म्हणायचं म्हणून. 'तू पुस्तक माझ्याकडे का ठेवलंस ते मला आता कळलं.' आंघोळ करताना ती ते पुटपुटायची, मला बाहेर ऐकू यायचं. घरच्यांशी त्याचं बोलणं बंद होतं, म्हणून फोन मी करायचा, पण डोळ्यांचं त्याला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. "कीव येऊन आला तर मला नको. यायचं म्हणून आला पाहिजे."

मी फोन केला. तो माझ्याशी नेहमीसारखा गोड बोलला. "पार्ल्याची आजी, या महिन्यात ऑडिट आहे गं, बघतो." पुढच्या महिन्यात रूममेटची तब्येत बरी नव्हती. मी शब्द पाळत राहिले आणि ताईचा डावा डोळा मधून पुसट होत गेला. आधी देवाच्या तसबिरी गेल्या, मग माझा चेहरा. एका सकाळी तिने आरशात कुंकू लावलं ते भुवईवर.

अखेर एका रविवारी तो येतो म्हणाला. ताईने सकाळपासून खुर्च्यांची रचना चालवली. कडेने तेवढं दिसत होतं, म्हणून त्याची खुर्ची बाजूला घ्यायची आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे तो कडेत येईल. सरावाला मला बसवलं. "जरा मागे हो. अजून थोडी. हां! आता तुझं नाक आलं बघ." आम्ही दोघी खूप हसलो. मुलींसारख्या.

तो आला. दाढी वाढवली आहे त्याने, चांगली दिसते. केळ्याचे वेफर्स आणले होते, ताईला आवडतात तसे मिरीवाले. मी त्याला त्या खुर्चीत बसवलं. ताई समोर खिडकीकडे बघत बसली, मान अवघडेपर्यंत ताठ, आणि बोलत राहिली. जेवतोस कुठे, पाणी कसं आहे तिथलं, बाई येते का पोळ्यांना. तो उत्तरं देत होता, पण प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा तोकडं. मी चहा आणला. त्याने अर्धा प्यायला आणि कप खाली ठेवला.

"मी निघतो, पार्ल्याची आजी."

"अरे, आत्ताच तर आलास."

"जिला माझ्याकडे बघवतसुद्धा नाही तिच्यासमोर किती वेळ बसू?" त्याचा आवाज फुटला. "आल्यापासून तोंड फिरवून बसलीय. एकदा तरी बघितलं का माझ्याकडे?"

तिच्या शपथेचं मला भानही राहिलं नाही. मी म्हणाले, "अरे, ती तुलाच बघते आहे. तोंड फिरवलं तरच दिसतोस तू तिला." आणि मग सगळं सांगितलं, पडदा, इंजेक्शन, खुर्च्या.

तो उठलेला होता तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता तो तिच्या कुशीत डोकं ठेवील. पुस्तकात तसं झालं असतं.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"वर्ष होऊन गेलं," ताई म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाही."

"मीच नको म्हटलं रे. तुला कीव येऊन तू यावंस असं—"

"म्हणजे परत तूच ठरवलंस," तो म्हणाला. ओरडला नाही. "मी कोणाशी लग्न करायचं ते तू ठरवलंस. मी का यायचं तेही तूच ठरवलंस. मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी आलो असतो, आजी. कीव म्हणून नाही. पण ते मला ठरवू दिलं नाहीस. आता तुला दिसतच नाही तेव्हा बोलावलंस."

ताईचं तोंड उघडं राहिलं. घोटून घोटून पाठ केलेलं वाक्य तिथेच होतं, मला दिसत होतं ते तिच्या ओठांवर. ते बाहेर आलं नाही. त्याच्या बोलण्यापुढे ते कसं म्हणणार? तो म्हणत होता ते खरं होतं.

जाताना दारात त्याने मला विचारलं, "पुढचं इंजेक्शन कधी?"

त्या तारखेला तो रिक्षा घेऊन खाली हजर होता. आणि पुढच्या महिन्यात, आणि त्याच्या पुढच्याही. ऑफिसातून अर्धी रजा काढून यायचा. दवाखान्यात तिच्या शेजारी बसायचा, बाहुली मोठी होण्यासाठी घालायचे थेंब नर्सच्या आधी स्वतः घालायचा. "मान वर. डोळा मीट. चोळू नको." एवढंच बोलणं. आणि ताई त्या दिवशी सकाळपासून तयार होऊन बसायची. डोळ्यात सुई घ्यायला जाताना नारायणपेठ नेसायची. मी म्हणाले, "अगं, इंजेक्शनला कोणी जरीकाठी नेसतं का?" तर म्हणाली, "मला दिसत नाही म्हणून काय झालं? त्याला दिसते ना मी." थेंब घालताना त्याची बोटं तिच्या गालाला लागायची. घरी आल्यावर ती त्या बाजूवर उशी घेऊन झोपायची नाही.

मग एके दिवशी डॉक्टरांनी पडद्याचे फोटो बघितले, बराच वेळ बघितले, आणि म्हणाले की आतमध्ये व्रण धरला आहे, आता इंजेक्शनचा उपयोग नाही. थांबवू या.

"चालू ठेवा की," ताई म्हणाली.

"आजी, फायदा नाही. उगीच डोळ्यात सुई कशाला टोचून घ्यायची?"

"मला दुखत नाही." ती पुढे सरकली, डॉक्टरांच्या टेबलाची कड तिने हाताने पकडली. "खरंच दुखत नाही. महिन्यातून एकदाच तर असतं. राहू द्या ना, डॉक्टर. नाहीतर दोन महिन्यांनी एकदा."

डॉक्टरांना कळेना. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो मांडीवरच्या तिच्या पर्सकडे बघत होता. त्याला कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्याला कळलं होतं.

घरी आल्यावर त्याने तिला पलंगावर बसवलं, औषधं स्टुलावर ठेवली आणि म्हणाला, "निघतो मी." ती म्हणाली, "सांभाळून जा." परत कधी येशील, हे तिने विचारलं नाही. जन्मभर दारातून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने ते विचारलेलं आहे, दूधवाल्यालासुद्धा. त्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसली. त्याच्यासाठी आपण काही ठरवायचं नाही, एवढा धडा ती शिकली होती, आणि नेमका नको त्या वेळी तिला तो आठवला.

आता ती मुलुंडला परत गेली आहे. पुस्तक इथेच ठेवून गेली. "त्याला हवं असलं तर तुझ्याकडून न्यायला जवळ पडेल," म्हणाली. अजून तो आलेला नाही. मला फोन करतो, तिची चौकशी करतो, औषधं घेते का विचारतो. तो दगड नाही. आत काहीतरी दुखावलेलं आहे आणि ते माझ्या म्हणण्याने बरं होणार नाही. मी दुपारी ते पुस्तक वाचते. आता फुगे वाचतच नाही, ते पाठ झाले आहेत. नुसती चित्रं बघते. ताईने विचारलं असतं ते सगळं स्वतःला विचारत जाते.

हे वाचून त्याला काही सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगा म्हणणार नाही आणि सांगू नका असंही म्हणणार नाही.

काल ताईचा फोन आला होता. नेहमीचं झालं, भाजीचे भाव झाले, सुनेचं झालं. मग म्हणाली, "तू डॉक्टरांना परत एकदा विचारून बघशील का गं? एखादं नवीन इंजेक्शन निघालं असेल." मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "उपयोगाचं नसलं तरी चालेल म्हणावं."